दुसऱ्या पगाराचं शहर

नव्या शहरात बिऱ्हाड हलवायचं ठरलं की आजकालची जोडपी आधी एक तक्ता करतात. डावीकडे शहरांची नावं: पुणे, बंगळुरू, हैदराबाद, फार तर नागपूर, नाशिक किंवा इंदूर. वर रकाने: घरभाडं, हवा, पाणी, शाळा, वाहतूक, ‘आपली माणसं किती’. प्रत्येकाला गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज मारायची. मला हा तक्ता आवडतो. आमच्या पिढीत एवढाही विचार कोणी करत नसे. पण असे जेवढे तक्ते पाहिले त्यांतल्या बहुतेकांत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, की त्या शहरात ‘कुटुंब’ राहायला जाणार आहे. प्रत्यक्षात दोन माणसं जाणार असतात आणि त्यांतल्या एकाच्याच हातात ऑफर लेटर असतं. दुसऱ्याचं काय, या प्रश्नाला तक्त्यात रकाना नसतो. तोंडी उत्तर असतं: ‘मिळेल गं काहीतरी तिथे गेल्यावर.’

माझं म्हणणं एवढंच आहे की शहर निवडायचं ते या दुसऱ्या माणसाकडे बघून. ज्याची नोकरी पक्की आहे त्याला जवळजवळ कुठलंही शहर चालतं. सकाळी जायला ठिकाण असतं, ओळखी आपोआप होतात, महिन्याच्या शेवटी पगार येतो. ज्याचं काहीच पक्कं नाही त्याचे दिवस मात्र ते शहरच ठरवतं. हे दुसरं माणूस बहुतेक घरांत बायको असते. नेहमीच असते असं नाही. तिला बढती मिळून ती हैदराबादला निघाली आणि तो मागून निघाला, तर हाच नियम त्याला लावायचा.

नवरा-बायकोने मिळून शहर निवडणं ही आपल्याकडे तशी नवीच गोष्ट. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून जी माणसं आली ती जोडप्याने आली नाहीत. गडी आला, एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या दहा-पंधरा जणांत सामावला, खानावळीत जेवला. बायको गावी शेत, म्हातारी माणसं आणि मनीऑर्डर सांभाळत राहिली. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे गिरणगावात बायका होत्या, कमावतही होत्या. पण मुंबईला यायचं की नाही हे त्यांना विचारून ठरलं होतं असं म्हणता येत नाही. पांढरपेशांत बदलीचा काळ आला तेव्हा बायको गावी राहिली नाही, ट्रंका घेऊन मागोमाग गेली. तेवढाच फरक. बँकेतल्या, पोस्टातल्या, पाटबंधाऱ्यातल्या नवऱ्याबरोबर चंद्रपूर, धुळे, सोलापूर पाहिलेल्या आणि दर गावी शाळेतली तात्पुरती नोकरी सोडत गेलेल्या बायका प्रत्येक मराठी घरात सापडतील.

बायकोसाठी गाव बदलणाऱ्या नवऱ्याचं आपल्याकडचं प्रसिद्ध उदाहरण एकोणिसाव्या शतकातलं आहे. टपाल खात्यातले गोपाळराव जोशी आनंदीबाईंच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून बदल्या मागून घेत होते. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, शेवटी कलकत्ता. तिथूनच १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. उदाहरण थोर आहेच, तरी त्यातली गोम नजरेआड करू नये. गाव तिच्यासाठी निवडलं जात होतं, पण निवडत तोच होता. तिने काय व्हायचं हेही तोच ठरवत होता. तिच्या भल्यासाठी शहर निवडणं आणि तिने शहर निवडणं यांत केवढं अंतर आहे ते या एका संसारात दिसतं. आजचे समजूतदार नवरे पुष्कळदा गोपाळरावांच्याच जागी उभे असतात, फक्त त्यांच्यासारखी हातात छडी नसते.

आकडेही तेच सांगतात. २०२०-२१च्या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात स्थलांतराची वेगळी माहिती गोळा केली होती. देशात स्थलांतरित स्त्रियांचं प्रमाण ४७.९ टक्के आणि पुरुषांचं १०.७ टक्के निघालं. फिरतात त्या बायका. पण त्या स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के जणींनी स्थलांतराचं कारण ‘लग्न’ असं सांगितलं. त्यांच्यासाठी गाव किंवा शहर निवडणं म्हणजे नवरा निवडणं, आणि तो तरी त्यांनी निवडला होता का हा वेगळा विषय. शहरांत १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०२३-२४ मध्ये २८ टक्के होत्या, आणि खेड्यांत ४७.६ टक्के. शहरात आलं की बाईला काम मिळतं या समजुतीला या दोन आकड्यांनी चांगलाच तडा जातो. शेतावरचं काम मागे राहतं आणि शहरातलं हाती येत नाही.

शहरांच्या क्रमवाऱ्या इथे उपयोगाच्या नाहीत. केंद्र सरकारच्या ‘राहण्यास सुलभ’ शहरांच्या यादीत २०१८ मध्ये पुणे पहिलं आलं. पुढच्या यादीत बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं. त्या बंगळुरूत २०२४च्या मार्चमध्ये टँकरसाठी रांगा लागल्या. शंभरेक किलोमीटरवरून, काही शे मीटर उंच चढवून आणलेलं कावेरीचं पाणी शहराच्या कडेच्या वस्त्यांपर्यंत पोचलेलंच नव्हतं, आणि बोअर आटल्या होत्या. पुण्यात २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात गुलेन-बॅरी (जीबीएस) आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पहिला संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. त्यातली बरीचशी गावं २०२१ मध्येच महापालिकेत आलेली. गाव पालिकेत आलं म्हणून लगेच पाणी शुद्ध होत नाही. क्रमवारी शहराला मिळते आणि माणूस वॉर्डात राहतो. दोन्ही शहरांत नव्याने येणाऱ्या जोडप्याला परवडणारं घर नेमकं या कडेच्या वस्त्यांतच असतं.

म्हणून घर बघायला डिसेंबरात जाऊ नये हा माझा लाडका सल्ला आहे. एप्रिलच्या शेवटी जावं, आणि सोसायटीच्या वॉचमनला टँकर किती येतात ते विचारावं. बिल्डर जे सांगणार नाही ते वॉचमन सांगतो.

आता नोकरीच्या बाजाराकडे येऊ. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली एक निबंध लिहिला. १९४० ते १९९० या पन्नास वर्षांत दोघंही पदवीधर असलेली जोडपी मोठ्या महानगरांत जास्त जास्त गोळा होत गेली, असं त्यांना अमेरिकेच्या जनगणनेत दिसलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की एका शिकलेल्या माणसाला मनाजोगी नोकरी लहान गावातही सापडते, पण दोघांना एकाच वेळी सापडायची तर बाजार मोठा लागतो. काही वर्षांनी जॅनिस कॉम्प्टन आणि रॉबर्ट पोलाक यांनी यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते जोडपी महानगरांत जात नाहीत. शिकलेले अविवाहित तिथे जातात आणि तिथेच एकमेकांना भेटून लग्न करतात. शिवाय जोडप्याने कुठे जायचं हे त्यांच्या आकड्यांत नवऱ्याच्याच शिक्षणावर ठरताना दिसत होतं. मला हा आक्षेप पटतो, आणि त्याने माझा मुद्दा आणखी पक्का होतो. अमेरिकेतही ‘दोघांसाठी मोठं शहर’ हे बऱ्याच अंशी नंतर सुचलेलं कारण होतं.

मोठं शहर म्हणजे तरी काय? जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ नावाचा प्रकार आहे. दोघांच्या शाळांमधलं अंतर ३० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर ते जोडपं विभक्त मानून बदलीत प्राधान्य मिळतं. पुण्यात नवरा हिंजवडीत आणि बायको खराडीत कामाला असेल तर त्यांच्यातही जवळपास तेवढंच अंतर आहे. पण आपण म्हणतो, दोघं एकाच शहरात नोकरी करतात. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४च्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटांच्या वर लागत होते आणि बंगळुरूत ३४. मग घर कुठे घ्यायचं? हिंजवडीजवळ वाकडला किंवा ताथवड्याला घेतलं तर खराडीवालीचे रोजचे तीन तास गेले. अधेमधे, औंध-बाणेरला घेतलं तर भाडं वाढलं. यात बहुतेक वेळा एकच शेवट होतो. मूल होतं आणि लांबची नोकरी सुटते. नोकरी सोडायचं कोणी ठरवलेलं नसतं. घराच्या पत्त्याने ते आधीच ठरवून टाकलेलं असतं.

या एका कसोटीवर हैदराबाद काही जोडप्यांना फार सोयीचं आहे आणि काहींना अजिबात नाही. तिथला संगणक-उद्योग शहराच्या पश्चिमेला माधापूर, गचीबोवली, फायनान्शियल डिस्ट्रिक्ट अशा सलग पट्ट्यात एकवटला आहे. दोघंही त्याच क्षेत्रात असतील तर कोंडापूरसारख्या ठिकाणी राहून दोघांची कचेरी दहा किलोमीटरच्या आत येते, आणि एकाची नोकरी गेली तरी घर न बदलता दुसरी शोधता येते. पण तिने जैवतंत्रज्ञान शिकलेलं असेल तर तिचं काम शमीरपेटकडच्या जीनोम व्हॅलीत, उत्तरेच्या टोकाला, रिंग रोडने चाळीसहून अधिक किलोमीटर. बंगळुरूचं बलस्थान वेगळं. रस्त्यांबद्दल तिथले लोकच जे बोलतात ते छापण्यासारखं नाही. पण अंतराळ, मेंदूविज्ञान, विमानाचे भाग, खेळांचं संगणकीय चित्रण असल्या अडनिड्या विषयांत शिकलेल्या माणसाला कामाचे दोन-चार पर्याय देणारं त्याच्याइतकं शहर दक्षिणेत दुसरं नाही. मेट्रोची पर्पल मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत २०२३ मध्ये पूर्ण झाली, इलेक्ट्रॉनिक सिटीकडची यलो मार्गिका २०२५च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. ज्याचं काम अनिश्चित आहे त्याने अशा स्थानकापासून चालत जाता येईल तिथे घर घ्यावं, म्हणजे नोकरी बदलली तरी घर हलवावं लागत नाही. नोकरी पक्की आहे त्याने करावा लांबचा प्रवास.

दुसऱ्याचा पेशा भाषेवर आणि राज्याच्या परवान्यावर चालणारा असेल तर हिशोब पार बदलतो, आणि याकडे जोडपी कमालीचं दुर्लक्ष करतात. सॉफ्टवेअरवाल्याची नोकरी सीमेपलीकडे जशीच्या तशी जाते. मराठी माध्यमाच्या शिक्षिकेची जात नाही. महाराष्ट्राची शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) कर्नाटकात चालत नाही. केंद्रीय विद्यालयांसाठी वेगळी परीक्षा आहे, पण तिथल्या जागा किती निघतात ते अर्ज करणाऱ्यांना ठाऊक आहे. परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते, ती बदलून घ्यावी लागते. वकिलाला कायद्याने देशात कुठेही उभं राहता येतं, पण बंगळुरूच्या खालच्या कोर्टात बरंचसं कामकाज कन्नडमध्ये आणि पक्षकार बोलणारही कन्नडमध्येच. समुपदेशक, फिजिओथेरपिस्ट, पत्रकार, बालवाडी चालवणारी बाई, या सगळ्यांचं भांडवल म्हणजे लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं. अशी बायको असलेल्या माणसाने बंगळुरूची चाळीस टक्के जास्त पगाराची ऑफर घेतली तर घराचं उत्पन्न वाढेलच असं नाही. तिचा शून्यावर आलेला पगार त्यातून वजा करून पाहावा. त्यापेक्षा पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अगदी कोल्हापूरही जास्त देईल.

लहान शहर नेहमीच दुसऱ्याला मारक असतं असंही नाही. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या काळापासून वैद्यकीची परंपरा आहे. दोघंही डॉक्टर असलेल्या जोडप्याला मिरज-सांगलीत जेवढं काम आणि जेवढा मान मिळेल तेवढा पुण्याच्या गर्दीत मिळवायला वीस वर्षं जातील. वाळूज-शेंद्र्याच्या पट्ट्यात औषध आणि वाहन उद्योग दोन्ही असल्याने एक अभियंता आणि एक रसायनशास्त्रज्ञ असं जोडपं संभाजीनगरात सुखाने राहू शकतं. दोघांच्या पेशांची जोडी कुठल्या गावाशी जुळते हे पाहायचं. गावाचा आकार नंतर.

इथे कोणी म्हणेल की जिथे जास्त पगार तिथे जावं, घर एकच आहे, पैसा कोणाच्या खात्यात येतो त्याने काय फरक पडतो? हा युक्तिवाद ऐकायला फार समंजस वाटतो. पण २०२२-२३ मध्ये नवउद्योगांत आणि मोठ्या संगणक कंपन्यांतही जी नोकरकपात झाली तेव्हा कोणती घरं तगली? ज्यांच्यात दोन पगार होते ती. मोठा असला तरी एकच पगार म्हणजे सगळा संसार एका मॅनेजरच्या मर्जीवर. शिवाय संसार मोडू शकतो, माणूस आजारी पडतो, मरतोही. पाच वर्षं नोकरी न केलेली बाई परक्या राज्यात, भाषा न येता, लहान मुलासह एकटी पडली की तिच्यापुढे माहेर हा एकच रस्ता उरतो. हे अभद्र बोलणं जोडप्यांना आवडत नाही. विम्याच्या एजंटाचं मात्र ऐकून घेतात.

दुसरा आक्षेप घरून काम करण्याचा. आता काय, लॅपटॉप उघडला की झालं, मग गावी सातारला राहू, नाही तर गोव्यात. काही वर्षं हे चाललं, पण कंपन्या माणसांना परत कचेरीत बोलवू लागल्या आहेत. आणि चाललं तेव्हाही दोघांना सारखं चाललं नाही. २०२४च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. कचेरी घरात आली की २८९ मिनिटं दिवसभर पसरतात; गॅस सिलिंडरवाला येतो, सासूबाईंचं औषध, मुलाची ऑनलाइन तासिका. नवरा दार लावून मीटिंगला बसतो. दार लावून बसायची मुभा बायकोला मिळते अशी घरं मी पाहिली आहेत, फार नाहीत. नोकरदार बाईला कचेरीला जाता येणं ही गैरसोय नसून सुटका असते, हे शहर निवडताना ध्यानात घ्यावं.

मग ती कचेरीला जाणार कशी आणि परत येणार कशी? मुंबईवर कितीही टीका करा, तिथल्या लोकलने तीन पिढ्यांच्या बायकांना नोकऱ्या करू दिल्या. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२च्या मेमध्ये सुरू झाली, आणि बायकांचे डबे तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११च्या आपल्या पुस्तकात मुंबईतल्या बायकांना काहीही काम नसताना रस्त्यावर थांबता येतं का, असा विचित्र वाटणारा प्रश्न विचारला होता. शहर पारखायला याहून चांगला प्रश्न नाही. संध्याकाळी साडेआठला बसथांब्यावर, टपरीवर, बागेच्या कट्ट्यावर बायका उभ्या दिसतात का? कामावरून येता येता भाजी घेणाऱ्या, फोनवर बोलणाऱ्या, नुसत्या बसलेल्या? जिथे साडेसातनंतर सगळ्या बायका स्कूटरवरून घाईने घरीच जाताना दिसतात ते शहर कितीही हिरवं आणि स्वच्छ असलं तरी दुसऱ्या पगाराचं नव्हे.

कर्नाटकाने २०२३च्या जूनपासून आणि तेलंगणाने त्याच डिसेंबरपासून साध्या बसमध्ये बायकांना प्रवास मोफत केला. आपल्याकडे एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण शहरातल्या बसला ते लागू नाही. मोफत तिकिटावर नाकं मुरडणाऱ्यांनी बंगळुरूच्या बसमध्ये एकदा सकाळी चढून पाहावं. घरकामाला, गारमेंटच्या कारखान्यात, रुग्णालयात जाणाऱ्या बायका तिकिटाचा विचार न करता दोन-तीन बस बदलून लांबचं काम धरताना दिसतील. मध्यमवर्गीय नोकरदार बाईची नोकरी तिच्याकडे येणाऱ्या मावशींच्या बसवर उभी असते, हे तक्ता करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

पाळणाघराचंही तसंच. २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचं बंधन आलं. कंपनी निवडताना पगाराच्या आकड्याखाली हे विचारावं, आणि त्याने विचारावं. कायदा आईच्या रजेचा असला तरी मूल दोघांचं आहे. आजी-आजोबांच्या भरवशावर असलेल्यांनी कोणते आजी-आजोबा हे आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं. बहुतेक घरांत याचं उत्तर न बोलताच त्याचे आईवडील असं निघतं. दोन्हीकडचे आईवडील एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर राहतील असं शहर मिळालं तर त्याच्यासाठी पगारात थोडं कमी घ्यायला हरकत नाही. नागपूरचं माहेर आणि कोल्हापूरचं सासर असलेल्यांना पुणे त्यासाठीच सोयीचं पडतं. तिथून नागपूरला आता दिवसाची वंदे भारतही आहे, बारा तासांची.

घर मिळणं हा स्वतंत्र विषय आहे, आणि ज्यांना ते सहज मिळतं त्यांना त्याची कल्पनाच नसते. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला गेले तेव्हा परदेशातलं शिक्षण होतं, संस्थानची नोकरी होती. राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना हुसकावलं गेलं आणि त्यांनी शहर सोडलं. शंभर वर्षांनंतर घरमालक जात उघड विचारत नाहीत. आडनाव विचारतात, ‘नॉनव्हेज करता का’ विचारतात, दोघांची आडनावं वेगळी असतील तर लग्नाचा दाखला मागतात. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्याला शहर निवडताना पगार, पाणी यांच्या आधी हेच पाहावं लागतं. लांब असावं, मोठं असावं, कोणी ओळखू नये. त्यांच्यासाठी ‘आपली माणसं किती’ हा रकाना उलटा वाचायचा. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य लागतं. म्हणजे लग्नाआधीच शहर ठरवण्याची वेळ त्यांच्यावर येते.

घर विकत घेण्याची घाई कोणीच करू नये. बंगळुरूत सहा ते दहा महिन्यांचं भाडं अनामत मागायची जुनी रीत आहे, तेवढी रक्कम हाताशी ठेवावी. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी करणं घरमालकाची जबाबदारी आहे, ती करायला लावावी. पण फ्लॅट घेतला की वीस वर्षांचा हप्ता सुरू होतो. हप्ता पहिल्या पगारावर बांधलेला असल्याने घर पहिल्या कचेरीजवळ, आणि दुसऱ्याची नोकरी शोधण्याची त्रिज्या तिथून मोजायची. दुसऱ्याचं काम लागून स्थिर होईपर्यंत भाड्यानेच राहावं. महाराष्ट्रात एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. किती नवरे ही सवलत घेतात हे रजिस्ट्रारच्या कचेरीत तासभर बसून पाहण्यासारखं आहे.

मुलांच्या शाळेबद्दल एवढंच सांगतो, की शहर बदलायचंच असेल तर मूल दहावीला जाण्याच्या बरंच आधी बदलावं. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी इथूनच झालेली लागते. इतर राज्यांचेही आपापले ‘स्थानिक’चे नियम आहेत. कर्नाटकात शाळेत कन्नड आणि तेलंगणात तेलुगू शिकावंच लागतं, जसं आपल्याकडे मराठी. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्या मराठी पालकांनी आपण मुंबईत काय मागतो ते आठवावं. मूल शिकेलच, दुसऱ्या माणसाने मात्र मुलाच्या आधी शिकावं, कारण भाजीवाला, रिक्षावाला, शेजारीण आणि पुढे नोकरीची पहिली शिफारस याच भाषेतून येते. हैदराबादेत १९०७ पासून विवेकवर्धिनीसारखी मराठी संस्था आहे, बंगळुरूत महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीत जरूर जावं. नोकरी मंडळात मिळत नाही.

तेव्हा फ्लॅटचं टोकन भरायच्या आणि ऑफर लेटरवर सही करायच्या आधी, ज्याच्या हातात नोकरी नाही त्याने किंवा तिने दोन आठवडे त्या शहरात भाड्याच्या खोलीत राहून यावं. एकट्याने. नोकरीसाठी चार ठिकाणी भेटून यावं, सकाळच्या बसने जावं, रात्री साडेआठला परत यावं. खर्च पंचवीस-तीस हजार येईल, पहिल्या घरभाड्याच्या अनामतीपेक्षा कमीच. पहिल्या पगारवाल्याने त्या काळात घर आणि असलं तर मूल सांभाळावं, आणि परत आल्यावर जे उत्तर मिळेल त्याच्यावर वाद घालू नये. उत्तर ‘नको’ असेल तर ऑफर नाकारावी आणि पुढच्या शहराचा विचार सुरू करावा.